कर्नलमध्ये वर्षानुवर्षे दडलेली टंकनचूक कशी शोधावी

टंकनाच्या बहुतेक चुका कंपायलर (कोडचे यंत्रसूचनांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) पहिल्याच फेरीत पकडतो. त्यामुळे कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, दहा-पंधरा वर्षे टिकून राहिलेली टंकनचूक ही सी भाषेच्या व्याकरणात बहुधा शुद्धच असते. दोन बरोबर चिन्हांच्या जागी एकच पडलेले असते, && च्या जागी & आलेले असते, अक्षरमालांच्या यादीत एक स्वल्पविराम राहून गेल्यामुळे शेजारच्या दोन ओळी मुकाट्याने जोडल्या गेलेल्या असतात, किंवा एखाद्या आकड्यापुढचे उणे चिन्ह गळालेले असते. अशा ओळीला अर्थ असतो, फक्त तो लिहिणाऱ्याच्या मनातला अर्थ नसतो. म्हणून शोध घेताना ‘इथे काय चुकले आहे’ या प्रश्नाच्या आधी ‘ही चूक इतकी वर्षे कोणाला का दिसली नाही’ हा प्रश्न विचारावा, कारण त्याच्या उत्तरातून शोधाची जागा बरीच आवळली जाते.

न दिसण्याची कारणे थोडीच असतात. सर्वांत जास्त आढळणारे कारण असे की ती ओळ क्वचितच चालते: मेमरी मिळाली नाही, डिस्कवरची नोंद बिघडली, उपकरणाने वेळेत उत्तर दिले नाही, अशाच वेळी तिथे जायचे असते. दुसरे कारण असे की चुकीची आणि बरोबर ओळ नेहमीच्या परिस्थितीत एकच उत्तर देतात. फ्लॅग (हो-नाही सांगणारा बिट) तपासताना & ऐवजी && लिहिले, आणि व्यवहारात त्या चलात तो एकच फ्लॅग येत असला, तर दुसरा फ्लॅग जन्माला येईपर्यंत फरक पडत नाही. तिसरे कारण सर्वांत फसवे असते, आणि ते म्हणजे ती ओळ कधी कंपाइलच झालेली नसते. कॉन्फिग पर्यायाच्या (कोडचा कोणता भाग बांधायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगच्या) नावात एक अक्षर चुकले, तर प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपाइल होण्याआधीचा टप्पा, तक्रार करत नाही. ते नाव अस्तित्वात नाही असे समजून तो सगळा भाग गाळून टाकतो. लिनक्सच्या स्क्रिप्ट्समध्ये चेक-केकॉन्फिग-सिम्बॉल्स नावाची पायथन स्क्रिप्ट याच कामासाठी आहे. कोडमध्ये वापरलेले पण केकॉन्फिगमध्ये, म्हणजे या पर्यायांच्या याद्यांत, कुठेही व्याख्या नसलेले पर्याय ती काढून दाखवते. तुमच्या तक्रारीचे स्वरूप ‘सुविधा चालू केली तरी चालत नाही’ असे असेल, तर बाकी काही करण्याआधी ही स्क्रिप्ट चालवून पाहावी.

पुढची पद्धत एका उदाहरणावरून समजून घेऊ. उदाहरण मी रचलेले आहे, पण अशा चुका कर्नलमध्ये नेहमीच्या आहेत. समजा, लिनक्समधील एखादी फाइल-सिस्टिम माउंट करताना (वापरासाठी जोडताना) डिस्कवरून एक शीर्षखंड वाचते, त्यात लिहिलेली लांबी मर्यादेत आहे का ते तपासते, आणि नसेल तर कॉल करणाऱ्या फंक्शनला चूक कळवते. एका वापरकर्त्याची डिस्क बिघडते आणि ती माउंट करताना कर्नल ऊप्स, म्हणजे कोसळल्याचा संदेश, देतो. संदेशात नल पॉइंटर डीरेफरन्स (शून्य असलेल्या पॉइंटरने, म्हणजे पत्ता ठेवणाऱ्या चलाने, मेमरीत जाण्याचा प्रयत्न) असे लिहिलेले असते, आणि पत्ता म्हणून चौदा शून्यांनंतर २६ हा आकडा असतो.

पहिली चूक इथेच होते. ‘नल पॉइंटर’ हे शब्द वाचून लोक शून्य झालेला पॉइंटर शोधू लागतात, आणि घाईघाईने कुठेतरी शून्याची तपासणी घालून प्रकरण मिटवतात. प्रत्यक्षात एक्स-८६ प्रोसेसरवर पत्ता मेमरीच्या पहिल्या पानाच्या आतला असला की कर्नल तोच संदेश छापतो, पॉइंटर खरोखर शून्य असो वा नसो. म्हणून शब्दांपेक्षा आकड्याकडे पाहावे. हा आकडा षोडशमान पद्धतीतला आहे, म्हणजे दशमान पद्धतीत तो ३८ होतो. आता ज्या ओळीवर कर्नल कोसळला ती ओळ काढावी. त्यासाठी त्याच कर्नलची डीबग माहितीसह बांधलेली प्रत लागते. ती असली की कर्नलच्याच स्क्रिप्ट्समधील डीकोड-स्टॅकट्रेस स्टॅक ट्रेसमधले पत्ते फाइल आणि ओळीच्या क्रमांकात बदलून देते. समजा, त्या ओळीवर शीर्षखंडाच्या स्ट्रक्चरमधील ‘एकूण नोंदी’ हे क्षेत्र वाचले जात आहे. पाहोल हे साधन स्ट्रक्चरमधील प्रत्येक क्षेत्र सुरुवातीपासून किती बाइटांवर आहे ते सांगते, आणि ते इथे १६ असे सांगते. ३८ मधून १६ वजा केले की मूळ पॉइंटरची किंमत २२ निघते.

ज्याने लिनक्सच्या चुकांचे क्रमांक रोज पाहिलेले आहेत त्याला इथे थबकायला होईल, कारण २२ हा ई-इनव्हॅलचा (‘अवैध किंमत’ या चुकीचा) क्रमांक आहे. पॉइंटर म्हणून कोणीतरी चूक कळवणारा क्रमांक पाठवला आहे, इतके आता नक्की झाले. असे अंतर वजा करून उरलेला लहान आकडा चुकांच्या यादीशी ताडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. १२ आला तर ई-नोमेम (मेमरी नाही), ५ आला तर ई-आयओ (वाचन-लेखनाची चूक), १४ आला तर ई-फॉल्ट (चुकीचा पत्ता). या एका वजाबाकीने कधीकधी दिवसभराचे काम वाचते.

आता पॉइंटरमध्ये चूक कळवणारा क्रमांक कसा येतो ते पाहावे लागेल. लिनक्समध्ये पॉइंटर परत करणारे फंक्शन चूक कळवायची असेल तेव्हा उणे क्रमांक ईआरआर-पीटीआर मधून पॉइंटरच्या रूपात पाठवते, आणि कॉल करणारा इज-ईआरआर ने तो तपासतो. ही तपासणी पत्त्यांच्या अवकाशातील शेवटचे ४०९५ आकडेच चूक म्हणून ओळखते. उणे २२ त्या टोकाला जाऊन बसतो, म्हणून ओळखला जातो. धन २२ मात्र दुसऱ्या टोकाला, शून्याजवळ पडतो, आणि तपासणीला तो सरळ-साधा पॉइंटर वाटतो. म्हणजे लांबी तपासणाऱ्या ओळीत ई-इनव्हॅलच्या आधीचे उणे चिन्ह राहून गेले आहे, असा संशय घ्यायला आता आधार मिळाला. कंपायलरच्या दृष्टीने २२ आणि उणे २२ या दोन्ही सारख्याच वैध पूर्णांक किमती आहेत, त्यामुळे तो गप्प राहिला यात नवल नाही.

वाचायचे कसे

संशय असूनही ती ओळ डोळ्यांसमोरून तीनदा निघून जाऊ शकते. वाचणारा अक्षरे वाचत नाही, अपेक्षा वाचतो. कर्नलमध्ये ई-इनव्हॅल हा शब्द हजारो ठिकाणी उणे चिन्हासह येतो, म्हणून जिथे ते चिन्ह नाही तिथेही डोळा ते स्वतःहून भरून काढतो. यावर माझ्या अनुभवात तीन उपाय चालतात. पहिला, ओळ चिन्हासकट मोठ्याने वाचावी. ऑफिसात हे थोडे विचित्र दिसते, पण ‘परत करा, ईआरआर-पीटीआर, कंस, ई-इनव्हॅल’ असे म्हणताना मध्ये काहीतरी राहिल्याचे कानाला जाणवते. दुसरा, ज्या फंक्शनवरून हे फंक्शन नक्कल केलेले दिसते ते शेजारी ठेवून दोन्हींचा डिफ (फरकांची यादी) काढावा. नक्कल करून बदललेल्या चार-पाच सारख्या ओळी असतील तर शेवटच्या ओळीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तिथे पोहोचेपर्यंत लिहिणाऱ्याचे लक्ष पुढच्या कामाकडे गेलेले असते. तिसरा उपाय सर्वांत खात्रीचा आहे. मूळ कोड बाजूला ठेवून यंत्राने काय समजून घेतले ते पाहावे. कर्नलच्या बिल्ड पद्धतीत एकाच फाइलचे प्रीप्रोसेसिंग झालेले रूप काढता येते, आणि त्यात मॅक्रो उलगडून उणे चिन्ह आहे की नाही ते उघडे पडते. ऑब्जडंपने काढलेल्या यंत्रसूचनांमध्येही रजिस्टरमध्ये धन २२ भरला जातो की उणे २२, ते स्वच्छ दिसते. यंत्रसूचनांना सवयीचा डोळा नसतो.

स्वयंचलित तपासणीही याच टप्प्यावर लावावी. कर्नल डब्ल्यू=१ देऊन बांधला की एरवी बंद ठेवलेल्या वॉर्निंग चालू होतात, आणि सी=२ दिले की स्पार्स सर्व फाइलींवरून फिरतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये सुरू केलेले हे साधन युजर-स्पेसचा (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅमचा) पॉइंटर आणि कर्नलचा पॉइंटर यांची सरमिसळ किंवा बाइटक्रमाची गल्लत पकडण्यात तरबेज आहे. डॅन कार्पेंटर यांचे स्मॅच एकाच फंक्शनपलीकडे जाऊन किमतींचा माग काढते. कंपायलरही दरम्यान शहाणा झाला आहे. मांडणी एक सांगते आणि कंस दुसरेच सांगतात अशा ओळी जीसीसी ६ पासून दाखवतो. पॉइंटरचा आकार स्ट्रक्चरचा आकार समजून मेमसेटला दिला, तर जीसीसी ४.८ पासून तो टोकतो. म्हणून जुन्या कोडवर नवा कंपायलर एकदा तरी चालवावा. मात्र त्याने दिलेल्या वॉर्निंगच्या ढिगाऱ्यात हरवून जाऊ नये, ज्या फाइलवर संशय आहे तेवढ्याच वाचाव्यात.

वॉर्निंग गप्प का राहते याचे एक प्रसिद्ध उदाहरण नोव्हेंबर २००३ मधले आहे. लिनक्सच्या मुख्य बिटकीपर भांडाराची (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या तेव्हाच्या प्रणालीतील साठ्याची) जी सीव्हीएस या दुसऱ्या प्रणालीतील प्रत ठेवली जात असे, तिच्यात वेट४ या सिस्टिम कॉलमध्ये (प्रोग्रॅम कर्नलकडे काम मागतो त्या फंक्शनमध्ये) कोणीतरी दोन ओळी घुसवल्या होत्या. वरवर पाहता त्या फ्लॅगांचे एक चमत्कारिक संयोजन नाकारणारी तपासणी होत्या, पण युजर क्रमांकाची शून्याशी तुलना करण्याऐवजी एकाच बरोबर चिन्हाने त्याला शून्य केले जात होते, म्हणजे कॉल करणाऱ्याला रूटचे (सर्वाधिकारी वापरकर्त्याचे) अधिकार मिळाले असते. एरवी अशा ओळीवर कंपायलर वॉर्निंग देऊ शकतो, पण ती नेमणूक जादा कंसात ठेवली होती, आणि जादा कंस म्हणजे ‘हे मी मुद्दाम करतो आहे’ अशी कंपायलरला दिलेली खूण असते. त्या बदलाची जोडनोंद मूळ भांडारात नव्हती म्हणून तो पकडला गेला, मुख्य कोडमध्ये पोहोचला नाही. ती टंकनचूक नव्हती, टंकनचुकीचे सोंग होते. शोधणाऱ्याने त्यावरून इतके घ्यावे की अटीतील जादा कंस आणि त्यात एकटे बरोबर चिन्ह दिसले की थांबावे.

इतिहासात मागे जाणे

ओळ सापडली की ती कधी आली हे शोधावे. बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधील ब्लेम ही आज्ञा प्रत्येक ओळ कोणत्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आली ते सांगते, पण ती नुसती चालवली तर बहुधा कोणीतरी केलेली मोकळ्या जागांची साफसफाई किंवा फाइलचे स्थलांतर हाती लागते, म्हणून मोकळ्या जागा दुर्लक्षित करणारा आणि इतर फाइलींतून आलेल्या ओळींचा माग काढणारा पर्याय सोबत द्यावा. गिट लॉगला ती अक्षरमालाच शोधायला सांगितली, तर ती कोणत्या कमिटमध्ये आली वा गेली ते थेट कळते. लिनक्सचा गिटमधला इतिहास एप्रिल २००५ पासून, २.६.१२ च्या दुसऱ्या चाचणी आवृत्तीपासून सुरू होतो. ब्लेम त्या पहिल्या मोठ्या कमिटवर येऊन थांबला तर चूक त्याहून जुनी आहे. बिटकीपर काळातील इतिहासाची भांडारे वेगळी उपलब्ध आहेत, आणि गिटच्या रिप्लेस सुविधेने ती मागच्या बाजूला जोडून पुढे जाता येते.

इथे बायसेक्टचा, म्हणजे एक चांगली आणि एक बिघडलेली आवृत्ती घेऊन त्यांमधला इतिहास निम्मा-निम्मा करत शोधण्याचा, मोह होतो. त्याचे गणित आकर्षक आहे: दहा हजार कमिटमधून दोषी कमिट शोधायला साधारण चौदा चाचण्या पुरतात. पण बायसेक्टला एक चांगले टोक लागते, आणि जन्मापासून असलेल्या चुकीला चांगले टोकच नसते. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी टोक सापडते, आणि बायसेक्ट एका निर्दोष कमिटकडे बोट दाखवतो. कोणीतरी दोन वर्षांपूर्वी माउंटच्या वाटेवर एक वाचन लवकर करायला सुरुवात केली, त्यामुळे आजवर निरुपद्रवी असलेला धन २२ आता कोसळू लागला, इतकाच त्या कमिटचा दोष असतो. तो कमिट मागे घेतला की लक्षण जाते आणि चूक पुन्हा अंधारात जाते. म्हणून बायसेक्टचे उत्तर हे ‘चूक केव्हा आली’ याचे नसून ‘चूक केव्हा उघडी पडली’ याचे आहे, असे धरूनच वाचावे.

इतिहास पाहण्याचे दुसरेही कारण आहे. जे चुकीचे दिसते ते मुद्दाम केलेले असू शकते. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये फंक्शने चुकांचे क्रमांक धनच परत करतात, तिथे तीच ओळ बरोबर ठरते. एक्सएफएस ही फाइल-सिस्टिम आयरिक्स या जुन्या युनिक्समधून लिनक्समध्ये आली, आणि तिच्या आतले क्रमांक २०१४ पर्यंत धन होते. बाकीच्या लिनक्सकडे जाताना सीमेवर चिन्ह उलटे केले जाई. अशा कोडमध्ये एखाद्या उत्साही माणसाने ‘राहिलेले’ उणे चिन्ह घातले, तर त्याने नवी चूक जन्माला घातली असती. म्हणून त्या फाइलमधील इतर फंक्शने कोणती रूढी पाळतात, कमिटच्या संदेशात काय हेतू लिहिला आहे, आणि कॉल करणारे काय अपेक्षितात, हे तिन्ही जुळल्याशिवाय टंकनचूक असा निर्णय देऊ नये.

सिद्ध करून दाखवणे

वाचून पटले तरी चूक घडवून पाहिल्याशिवाय पॅच (दुरुस्तीचा बदल) पाठवू नये, असे माझे ठाम मत आहे. कर्नल आभासी यंत्रात चालवावा. क्यूएमू या आभासी यंत्रात जीडीबी हा डीबगर जोडण्याची सोय आहे, फक्त पत्ते दर वेळी बदलू नयेत म्हणून केएएसएलआर बंद ठेवावे लागते. आपल्या उदाहरणात एक लहान डिस्क-प्रतिमा तयार करावी, तिच्यावर ती फाइल-सिस्टिम घालावी, आणि शीर्षखंडातील लांबीच्या क्षेत्रातला एकच बाइट बदलून मर्यादेबाहेरची किंमत लिहावी. शीर्षखंडावर चेकसम (पडताळणीचा आकडा) असेल तर तोही पुन्हा काढून लिहावा लागतो, नाहीतर कोड आधीच्याच तपासणीवर परत फिरतो आणि आपण चूक नाही असे समजून बसतो. माउंटची आज्ञा दिल्यावर पुन्हा त्याच २६ वर ऊप्स आला, की साखळी पूर्ण झाली. त्यानंतर उणे चिन्ह घालून तोच प्रयोग करावा. आता माउंट नकार देऊन शांतपणे परत यायला हवे.

चूक मेमरी न मिळाल्याच्या वाटेवर असेल तर प्रतिमा बिघडवून उपयोग नाही. तिथे कर्नलची फॉल्ट इंजेक्शन सुविधा वापरावी. तिच्यातील फेलस्लॅब मेमरीची मागणी मुद्दाम अयशस्वी करते, आणि एखाद्या प्रक्रियेची अमुक क्रमांकाची मागणीच फसावी असेही सांगता येते. पहिली, दुसरी, तिसरी असे करत एकेक मागणी फसवत गेले की वर्षानुवर्षे कोणी न चाललेल्या वाटा एका दुपारी चालून होतात. सोबत कासॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे कर्नलमधील साधन) चालू ठेवावे, कारण अशा वाटांवर मुक्त केलेली मेमरी पुन्हा वापरण्याचे प्रकार हमखास निघतात.

दुरुस्तीनंतरचा टप्पा बहुतेक जण विसरतात. उणे चिन्ह घातल्यावर कॉल करणाऱ्या फंक्शनची चूक हाताळणारी वाट आयुष्यात पहिल्यांदाच चालणार असते, आणि तीही तितक्याच जुन्या, न तपासलेल्या हाताने लिहिलेली असते. तिथे एकच बफर दोनदा मुक्त होत असेल, तर ते आजवर लपले होते ते या गळालेल्या चिन्हामुळेच. कॉन्फिगच्या नावातील अक्षर दुरुस्त करताना तर पूर्वी कधी कंपाइलही न झालेला कोड जिवंत होतो, त्यामुळे तो आताच्या फंक्शनांशी जुळतो का येथपासून पाहावे लागते. बदल युजर-स्पेसला दिसणारा असेल तर आणखी सावध राहावे. चुकीच्या वागणुकीवर एखादा जुना प्रोग्रॅम विसंबलेला असेल, तर लिनक्समध्ये दुरुस्तीच मागे घेतली जाऊ शकते. युनिक्सच्या क्रिएट या सिस्टिम कॉलच्या नावातून शेवटचे ई अक्षर गळाले ते कायमचे, आणि आजही ते तसेच लिहावे लागते.

भावंडे शोधल्याशिवाय थांबू नये. ज्याच्या हातून एक उणे चिन्ह सुटले त्याच्या हातून दुसरेही सुटलेले असू शकते, शिवाय ते फंक्शन इतरांनी नक्कल केलेले असू शकते. आपल्या चुकीसाठी साधा ग्रेपही (मजकूर शोधणारी आज्ञा) पुरतो: ईआरआर-पीटीआर च्या कंसानंतर लगेच उणे चिन्हाशिवाय ई-अक्षराने सुरू होणारा शब्द. रचना जरा गुंतागुंतीची असेल तर कॉक्सिनेल वापरावे. त्यात ओळीऐवजी कोडची आकृती शोधता येते, चलांची नावे वेगळी असली तरी चालते, आणि कर्नलमध्ये त्याचे अनेक नियम आधीच ठेवलेले आहेत. सापडलेले प्रत्येक ठिकाण मात्र स्वतंत्रपणे वाचावे, वर सांगितलेली धन क्रमांकांची रूढी तिथे चालू नाही ना हे पाहावे, आणि सगळी ठिकाणे एकाच पॅचमध्ये कोंबू नयेत, कारण वेगवेगळ्या उपप्रणालींचे मेंटेनर (देखभाल करणारे) वेगळे असतात.

पॅच एका चिन्हाचा असला तरी संदेश तपशिलात लिहावा. ‘टंकनचूक दुरुस्त केली’ एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याला ती टिप्पणीतली स्पेलिंगची चूक वाटते आणि पॅच मागे पडतो. कोणती किंमत परत येत होती, तपासणी ती का ओळखत नव्हती, काय केले की कर्नल कोसळतो, हे तीन-चार वाक्यांत सांगावे. फिक्सेस ही खूण घालून मूळ कमिटच्या क्रमांकाची किमान पहिली बारा अक्षरे आणि त्याचे शीर्षक द्यावे, म्हणजे स्थिर आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना हा बदल किती मागे न्यायचा ते कळते. कोणाला पाठवायचे ते गेट-मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगते. सामान्य वापरकर्त्याला किंवा बाहेरून जोडलेल्या पेनड्राइव्हला ही चूक घडवता येत असेल, तर ती आधी कर्नलच्या सुरक्षा गटाला खासगीत कळवावी आणि बिघडवलेली डिस्क-प्रतिमा उघड्यावर टाकू नये. शक्य असेल तिथे ती प्रतिमा किंवा फॉल्ट इंजेक्शनची कृती चाचणीच्या रूपात सेल्फटेस्टमध्ये घालण्याचा प्रस्ताव मेंटेनरपुढे ठेवावा, म्हणजे ती वाट पुढच्या प्रत्येक आवृत्तीत कोणीतरी एकदा चालून पाहील.